६६ च्या मस्टँगचा सी४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरीच उघडला, त्या रिबिल्ड किटचा (आतली सीलं, प्लेटा, पॅकिंगं बदलायच्या संचाचा) रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. माल चांगलाय, अर्धा मार्क पॅकिंगच्या (म्हणजे गॅस्केटच्या) गोंधळासाठी कापला आणि एक अख्खा मार्क माहितीपत्रकासाठी, कारण ते नव्हतंच. कंपनीचं नाव टाकत नाही, असली किटं विकणारे बरेच आहेत आणि मी खाली जे लिहिलंय ते कुणाचंही किट घेतलं तरी उपयोगी पडेल.

गाडी फोर्डची १९६६ ची मस्टँग हार्डटॉप (पक्क्या छपराची), २८९ घनइंचाचं व्ही८ इंजिन, ऑटोमॅटिक. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आणि हीच गाडी घ्यायचं खरं कारण म्हणजे तिचा चेसिस नंबर, ६ टी ०७ सी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन बॅरल कार्बोरेटरचं २८९ आणि टी म्हणजे मेटचन प्लांट. तो फोर्डचा प्लांट इथंच रूट १ वर होता, १९४८ ला सुरू झाला, २००४ ला बंद पडला, आता त्या जागेवर दुकानं झालीत. म्हणजे पोरगी माहेरी आली म्हणून मी खूष, तर बायको म्हणते माहेरी आली ती आजारपण घेऊनच आली.

आजारपण असं, की पहिला दुसरा गिअर ठणठणीत, दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना मात्र इंजिन नुसतं भुंकायचं, गाडी पुढं नाहीच, आणि रिव्हर्स टाकला की तीन-चार सेकंद विचार करून मग निघायची. वर सायलेन्सरमधनं पांढरा धूर, आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) दर दोन आठवड्याला कमी, खाली जमिनीवर थेंब नाही. इथल्या एका दुकानात विचारलं तर २२०० डॉलर आणि "जुनं मॉडेल आहे, वेळ लागेल". किट १६० डॉलरला मिळत होतं. मग काय, सांगलीचं डोकं, म्हटलं आपणच उघडू.

आता हे नीट वाचा, कारण किट घ्यायच्या आधी काय बिघडलंय ते कळलं तर अर्धे पैसे वाचतात. सी४ हा तीन गिअरचा डबा, आत दोन क्लच पॅक (प्लेटांचे गठ्ठे) आणि दोन बँड (ड्रमभोवती आवळणारे पट्टे), प्लस मागं एक एका बाजूलाच फिरणारा क्लच. पुढं जाणाऱ्या सगळ्या गिअरला फॉरवर्ड क्लच लागतो. दुसऱ्याला त्याच्या जोडीला इंटरमीडिएट बँड आवळतो. तिसऱ्याला बँड सुटतो आणि रिव्हर्स-हाय क्लच धरतो. रिव्हर्सला तोच रिव्हर्स-हाय क्लच, अधिक मागचा लो-रिव्हर्स बँड. माझे पहिला दुसरा चांगले म्हणजे फॉरवर्ड क्लच चांगला, तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतायत म्हणजे दोघांत सामायिक कोण, तर रिव्हर्स-हाय क्लच. डबा न उघडता कागदावर कळलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेत, त्यांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर म्हणाले, "क्लचचं पेडलच नाही म्हणतोस, मग क्लच प्लेटा कशाला घातल्यात आत?" त्यांना समजावण्यात एक रविवार गेला पण त्यात माझंच पक्कं झालं.

आणि धुराचं कारण वेगळंच निघालं. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, छोट्या डबीएवढा, इंजिनकडून त्याला एक रबरी नळी येते, आत पडदा असतो. तो पडदा फाटला की इंजिन त्या नळीतनं एटीएफ ओढून पिऊन टाकतं, म्हणून पांढरा धूर, म्हणून जमिनीवर थेंब नाही. बघायला काही अवघड नाही, नळी काढायची, कापसाची काडी आत फिरवायची, लाल ओली आली की मॉड्युलेटर गेला. माझी काडी चांगली भिजून आली. म्हणजे आधीच्या मालकाकडं पडदा फाटला, ऑइल कमी झालं, दाब कमी पडला आणि कमी दाबावर क्लच घसरून घसरून जळला. खरा गुन्हेगार हा, आणि बघा गंमत, हा किटमध्ये नसतोच! वेगळा घ्यावा लागला. मी नुसतं किट बसवून मोकळा झालो असतो तर सहा महिन्यांत नव्या प्लेटाही जाळल्या असत्या. विकणाऱ्यानं पानावर एक ओळ लिहायला काय हरकत होती.

गिअरबॉक्स खाली काढणं ह्याबद्दल जास्त लिहीत नाही, गाडी चार स्टँडवर, ड्राइव्हशाफ्ट, स्टार्टर, कूलरच्या दोन नळ्या, स्पीडोमीटरची केबल, कन्व्हर्टरचे (इंजिनची ताकद ऑइलमधनं गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) चार नट, सगळं सुटतं, फक्त कोरडा डबासुद्धा ५० किलोच्या आसपास आहे त्यामुळे ट्रान्समिशन जॅक भाड्यानं आणा, छातीवर घ्यायचा शहाणपणा करू नका. आणि कन्व्हर्टर ओढताना इनपुट शाफ्ट सटकन हातात येतो, तो तसाच मोकळा असतो, तुटला म्हणून घाबरू नका (मी घाबरलो होतो).

किट उघडलं तेव्हा पहिली पसंती क्लचच्या फ्रिक्शन प्लेटांना. एकसारख्या, कडा स्वच्छ. पंपाचं सील, मागचं सील, पिस्टनची रबरी सीलं, लोखंडी रिंगा, पॅनचं पॅकिंग, सगळं पुरेपूर. स्टील प्लेटा नव्हत्या, माझ्या जुन्यांवर निळे डाग पडलेले, म्हणजे तापून गेलेल्या, त्या अजून वेगळ्या मागवल्या. स्टील प्लेटांसकट मोठं किट मिळतं, घासलेला गिअरबॉक्स असेल तर सरळ तेच घ्या, मी चिंगूसपणा केला आणि शिपिंग दोनदा भरलं.

आता पॅकिंगचा घोळ. १९६४ ते ६६ चा सी४ वेगळा, त्याला दोन टिंबांचा म्हणतात. सिलेक्टरवर डी नाही, एक मोठं हिरवं टिंब आणि एक छोटं, मोठ्यावर गाडी पहिल्यातनं उठते, छोट्यावर थेट दुसऱ्यातनं. १९६७ ला सिलेक्ट-शिफ्ट आलं तेव्हा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब कुठल्या क्लच-बँडला द्यायचा ते ठरवणारा भाग) बदलली. किट मात्र "१९६४-६९" ह्या एकाच नावाखाली येतं आणि त्यात व्हॉल्व्ह बॉडीची पॅकिंगं निघाली तीन जोड, एकावरही खूण नाही. दिसायला सख्खी भावंडं. एखादं भोक इकडचं तिकडं झालं तर ऑइलची वाट बंद. शेवटी जुनी पत्र्याची सेपरेटर प्लेट टेबलावर ठेवून एकेक पॅकिंग त्यावर ठेवलं आणि भोक न भोक मोबाइलच्या टॉर्चनं तपासलं, रात्रीचे दीड वाजले. म्हणून तो अर्धा मार्क.

माहितीपत्रक नाही म्हणजे काय होतं तेही सांगतो. पिस्टनच्या सीलची ओठासारखी कड दाबाच्या बाजूला पाहिजे, उलटी बसली तर बाहेरून काही कळत नाही, गाडीत चढवल्यावर कळतं. फ्रिक्शन प्लेटा बसवायच्या आधी एटीएफमध्ये भिजवाव्या लागतात. सीलं आणि वायसर जागेवर धरायला साधं व्हॅसलीन लावायचं, ग्रीस नाही, व्हॅसलीन ऑइलमध्ये विरघळून जातं, ग्रीस वाटा तुंबवतं. फोर्डचं जुनं शॉप मॅन्युअल माझ्याकडं होतं म्हणून निभावलं. एक गोष्ट मात्र बाबांची, ते म्हणाले, निघालेले थ्रस्ट वायसर निघतील त्याच क्रमानं तारेत ओवून ठेव, एसटीत तसंच करायचो. त्या तारेनं मला वाचवलं, खरं सांगतो.

पिस्टनची स्प्रिंग दाबायला खास टूल विकतात, मी सी क्लॅम्प आणि पीव्हीसी पाइपच्या कापलेल्या तुकड्यावर काम भागवलं. जोडून झाल्यावर डायल गेजनं एंड प्ले (शाफ्ट पुढं-मागं किती हलतो ते) बघितला, ०.००८ ते ०.०४२ इंच चालतो, माझा ०.०२१ आला. मग केसमधल्या भोकातनं कॉम्प्रेसरची हवा मारली, दोन्ही क्लच "ठप" करून धरले. त्या आवाजाला मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो.

बँडचं सेटिंग सोपंय, दोन्हीला स्क्रू १० फूट-पौंडाला आवळायचा, मग पुढचा पावणेदोन फेरे आणि मागचा तीन फेरे सैल, आणि स्क्रू फिरू न देता नवीन लॉकनट. लॉकनट किटमध्ये होते, शाबास. कन्व्हर्टर बसवताना घाई नको, दाबत फिरवत राहायचं, तीन टप्प्यांत आत जातो, पूर्ण न जाता बोल्ट आवळले तर पंपच फुटतो. कूलरच्या नळ्या धुवून घ्या, जळक्या क्लचचा चुरा तिथं बसलेला असतो. ऑइल टाइप एफ, दुसरं नको.

पाच वीकएंड गेले. रिव्हर्स टाकला, मागं धक्का न देता लगेच निघाली, तिसरा पडतो तो कळतसुद्धा नाही, पांढरा धूर बंद. ४०० मैल झालेत. गिअर लिव्हरच्या शाफ्टपाशी थोडं पाझरतं, ते सील किटमधलंच, मी बसवताना वाकडं ठोकलं असणार, त्याचा मार्क कापला नाही. मॉड्युलेटरच्या नळीत मात्र दर रविवारी कापसाची काडी घालून बघतो, अजून कोरडीच येतेय.