दयामाया नसलेला नायक : 'द स्ट्रीट फायटर' (१९७४)

ब्रूस ली यांचा कुंग-फूपट 'एंटर द ड्रॅगन' जपानमध्ये झळकल्यानंतर काही आठवड्यांतच, म्हणजे फेब्रुवारी १९७४मध्ये, तोएई कंपनीने शिगेहिरो ओझावा दिग्दर्शित हा चित्रपट प्रदर्शित केला. लाट ओळखून केलेला हा धंदा होता, यात शंका नाही. तरीही सनी चिबा यांनी साकारलेला ताकुमा त्सुरुगी ब्रूस ली यांच्या सत्शील नायकांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

आरंभीच तो भिक्षूच्या वेषात फाशीच्या कैद्याच्या कोठडीत शिरतो, एका नेमक्या ठोशाने त्याला मरणप्राय करतो आणि फाशी लांबून कैद्याला रुग्णालयात हलवले जात असताना वाटेतून पळवतो. ठरलेले पैसे कैद्याच्या भावंडांना देता येत नाहीत, तेव्हा अंगावर धावून आलेला भाऊ खिडकीबाहेर कोसळून मरतो आणि बहिणीला त्सुरुगी सरळ विकून टाकतो. पुढे त्याच्या बालपणीची जखम दाखवली जाते खरी, पण तिच्या आडून त्याला माफी मिळवून देण्याचा प्रयत्न दिग्दर्शक करत नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ तेच आहे. तेलसम्राटाच्या वारस मुलीभोवती फिरणारे उरलेले कथानक मारामारीला निमित्त पुरवण्यापुरतेच आहे.

क्योकुशिन या कराटेप्रकाराचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांच्याकडे तो शिकलेल्या चिबांचे अंग प्रत्येक हाणामारीआधी आवळत जाते, बोटे नख्यांसारखी वाकतात आणि पोटातून ओढून काढलेला श्वास घशात घरघरत राहतो. समोरच्यावर हात पडण्याआधीच प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो. एका ठोशाबरोबर तर पडद्यावर चक्क क्ष-किरण प्रतिमा येते आणि फुटणारी कवटी दिसते. हा आचरटपणाच आहे, पण बेधडक आहे. कॅमेरा मात्र अनेकदा इतका जवळ घुसतो की कोणाचा पाय कोणाला लागला ते कळत नाही. त्याची भरपाई पावसात, जहाजावर रंगणारी अखेरची झुंज करते, कारण तिथे चिबांसमोर मासाशी इशिबाशी हे खरेखुरे कराटेपटू उभे आहेत.

स्त्री पात्रांच्या वाट्याला मात्र छळाखेरीज फारसे काही येत नाही, आणि हा दोष काळाच्या माथी मारून सुटत नाही. हिंसेमुळे अमेरिकेत या चित्रपटाला 'एक्स' (केवळ प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळाले होते आणि पुढे तिथे त्याची काटछाट केलेली आवृत्तीही निघाली. ती टाळून जपानी संवादांची अखंड आवृत्ती पाहावी, कारण चिबांचा निम्मा अभिनय त्या श्वासात आहे.