मुतखडा, प्रोस्टेट, गुडघा, खुबा : सीटी की एमआरआय?

मुंबईतल्या कुठल्याही तपासणी केंद्राच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘एमआरआयच करून टाकू, म्हणजे सगळं कळेल.’ सगळं कळेल असं यंत्र अजून निघालेलं नाही. मुतखड्याच्या कळेने तळमळणाऱ्याने एमआरआय केला तर खडा निसटून जाण्याची शक्यता बरीच. उलट गुडघ्यातला लिगामेंट फाटलेल्याने सीटी केला तर हाडं सुरेख दिसतील आणि मूळ दुखणं तसंच राहील.

कारण दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सीटी म्हणजे एक्स-रे. शरीरातला कुठला भाग किती किरण अडवतो, त्यावर चित्र उभं राहतं. खडा, हाड, चुन्याचा साठा पांढरे दिसतात. काप मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, त्यामुळे ३ मिमीचा खडाही सापडतो. एमआरआय चुंबकाच्या जोरावर पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून संदेश घेतो. खड्याकडून असा संदेश येत नाही, म्हणून तो नुसता काळा ठिपका दिसतो. हवेचा बुडबुडा किंवा रक्ताची गुठळीही तशीच दिसू शकते. पण सांध्यातली गादी (मेनिस्कस), कूर्चा, स्नायूबंध, हाडाच्या आतली सूज हा सगळा ओला मामला, आणि तिथे एमआरआयला तोड नाही.

लघवीच्या त्रासाने सुरुवात करू, कारण चुकीचा पैसा तिथे जास्त जातो.

पाठीतून जांघेकडे उतरणारी कळ, मळमळ, लघवीला जळजळ. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात या तक्रारी वाढतात. लोकलच्या दीड तासात लघवीला जायला लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्यांनाही हा धोका असतोच. पहिली तपासणी सोनोग्राफी. किडनी फुगली आहे का हे ती सांगते, पण किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या मूत्रवाहिनीच्या मधल्या टप्प्यातला खडा आतड्यातल्या हवेआड लपतो. तो शोधायचा तर कॉन्ट्रास्टशिवायचा, म्हणजे शिरेतून चित्र उठवणारं औषध न देता केलेला सीटी, चिठ्ठीवर ज्याला ‘प्लेन सीटी केयूबी’ (किडनी, मूत्रवाहिनी, मूत्राशय) म्हणतात. उपाशी राहावं लागत नाही. तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं ठेवायचं, म्हणजे तळाशी अडकलेला खडा नीट दिसतो. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा.

या रिपोर्टात तीन गोष्टी शोधा. पहिली, मिमीमधलं माप : ५ मिमीखालचे बहुतेक खडे आपोआप पडतात, १० मिमीच्या वरचे सहसा पडत नाहीत. दुसरी, जागा : किडनीत, मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात, की मूत्राशयाच्या तोंडाशी. तिसरी, एचयू हा आकडा, म्हणजे खड्याची घनता. हजाराच्या वर असेल तर बाहेरून धक्के देऊन फोडण्याचा उपाय फसण्याची शक्यता वाढते. पाचशेच्या खाली असेल तर खडा यूरिक आम्लाचा असू शकतो, आणि तो पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीचा पीएच ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवून विरघळवताही येतो. एका आकड्यावर शस्त्रक्रिया टळू शकते. तो रिपोर्टात नसेल तर विचारून लिहून घ्या.

चुका कुठे होतात? ओटीपोटातल्या शिरांमध्ये चुन्याचे गोल ठिपके असतात आणि ते खड्यासारखे दिसतात. खड्याभोवती मूत्रवाहिनीच्या सुजलेल्या भिंतीची कडा दिसली तर खडा, नाहीतर शिरेतला ठिपका, असा रेडिऑलॉजिस्टचा ठोकताळा असतो. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलाय की आत पडलाय हे कळत नसेल तर पालथं झोपवून पुन्हा काही काप घेतात. आत पडलेला खडा पुढे घरंगळतो, अडकलेला जागचा हलत नाही. आणखी एक हमखास घोटाळा म्हणजे कळेच्या रुग्णाचा थेट कॉन्ट्रास्टसह सीटी करणं. औषध किडनीत उतरलं की तेही पांढरं, खडाही पांढरा. म्हणून साधे काप आधी.

किरणांची भीती अनाठायी नाही, पण प्रमाण ध्यानात ठेवावं. पोटाच्या नेहमीच्या सीटीत ८ ते १० मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप) किरण लागतात, खड्यासाठीच्या लो-डोस पद्धतीत ३ पेक्षा कमी. निसर्गातून आपल्याला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिळतातच. वारंवार खडे होणाऱ्या तिशीतल्या माणसाने दर कळेला पूर्ण डोसचा सीटी करत राहणं मात्र शहाणपणाचं नाही. खडा एकदा सापडला की पुढची देखरेख सोनोग्राफी आणि साध्या एक्स-रेवर करावी. अर्थात एक्स-रेवर दिसणारा खडा असेल तरच, कारण यूरिक आम्लाचा दिसत नाही. गरोदर स्त्रीची कळ असेल तर आधी सोनोग्राफी, आणि त्यानेही उलगडलं नाही तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय. खड्यासाठी एमआरआयची बाजू घ्यावी अशी ही जवळजवळ एकच वेळ.

दुखत नसताना लघवीतून रक्त जात असेल, विशेषतः चाळिशीनंतर किंवा तंबाखूची सवय असेल, तर प्रश्न गाठीचा असतो. तिथे सीटी यूरोग्राफी लागते : आधी साधे काप, मग कॉन्ट्रास्ट दिल्यावर दीडेक मिनिटाने किडनीचे, आणि आठ-दहा मिनिटांनी औषध मूत्रवाहिनीतून उतरत असतानाचे. किरण साहजिकच जास्त. शिवाय मूत्राशयातली लहान सपाट गाठ सीटीतून सुटते, म्हणून दुर्बिणीची तपासणी टळत नाही.

कॉन्ट्रास्टच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा आकडा काढतात. तो ३० च्या खाली असेल तर आयोडीनचं औषध द्यायचं का याचा वेगळा विचार होतो, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन अशा वेळी बंद ठेवून ४८ तासांनी किडनी पाहूनच पुन्हा सुरू करतात. सुईतून औषध गेलं की अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते, घाबरू नका. हाताला सुईपाशी आग होऊन फुगायला लागलं तर मात्र लगेच ओरडून सांगा, औषध शिरेबाहेर जातंय. आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे म्हणून कॉन्ट्रास्ट चालत नाही, ही समजूत चुकीची आहे. मासळीतली अ‍ॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आधी कॉन्ट्रास्टनेच पित्त उठलं असेल, श्वास लागला असेल, तर ते सांगणं अत्यावश्यक.

प्रोस्टेटपाशी, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीपाशी, पारडं पूर्ण फिरतं. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढलेला, कॅन्सरची शंका : इथे सीटी जवळपास निरुपयोगी, कारण ग्रंथीच्या आतले थर त्यात वेगळे दिसतच नाहीत. मल्टिपॅरामेट्रिक, म्हणजे अनेक प्रकारची चित्रं एकत्र घेणारा एमआरआय हवा, शक्यतो ३ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) किंवा चांगल्या १.५ टेस्लाचा, आणि तो बायोप्सीच्या आधी. बायोप्सी होऊन गेली असेल तर ग्रंथीत साचलेलं रक्त फसवतं, म्हणून सहा ते आठ आठवडे थांबतात. रिपोर्टात पाय-रॅड्सचा १ ते ५ आकडा येतो. ४ आणि ५ म्हणजे शंका दाट, ३ म्हणजे कुंपणावर. सकाळी पोट साफ करून जा. गुदाशयातला वायू चित्र वाकडं करतो, आणि नेमकं कॅन्सर दाखवणारं चित्रच त्याने बिघडतं. खुब्यात धातूचा सांधा बसवलेला असेल तर नंबर लावतानाच सांगा, कारण त्याचीही सावली तिथे पडते. लघवीचा जंतुसंसर्ग चालू असेल तर पीएसए त्यानेच वाढलेला असू शकतो. आधी तो बरा करून पुन्हा मोजावा, मग स्कॅनचं पाहावं.

आता सांधे. साठीच्या पुढच्या, जिना उतरताना दुखणाऱ्या, सकाळी आखडणाऱ्या गुडघ्याला आमच्या मते बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट खोटीच रुंद दिसते, म्हणून ‘उभ्याने’ हा शब्द चिठ्ठीवर हवा. या वयात एमआरआय केला की ‘गादी फाटली’ असं बहुधा लिहून येतंच, पण तशी फाटलेली गादी न दुखणाऱ्या गुडघ्यांतही सापडते. मग त्या शब्दाचीच धास्ती घेऊन माणूस शस्त्रक्रियेची चौकशी करायला लागतो.

तरुण माणूस, खेळताना किंवा चालत्या गाडीतून उतरताना पाय मुरगळला, ‘कट्’ असा आवाज, दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, नंतर पाय निसटल्यासारखा होतो किंवा अडकतो : हा एमआरआयचा रुग्ण. वीस ते तीस मिनिटं लागतात, कॉन्ट्रास्ट नको. खांद्याचंही तसंच, पण एक खाच आहे. चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास कोन करणारा स्नायूबंध धडधाकट असूनही उजळ दिसतो. नुसत्या एका चित्रात ‘सूज’ म्हटलेली गोष्ट दुसऱ्या प्रकारच्या चित्रात नाहीशी झाली, तर ती सूज नव्हतीच.

खुब्याच्या बाबतीत उशीर महागात पडतो. जांघेत दुखणं, मांडी घालून बसता न येणं, आणि मागे स्टेरॉइडचा कोर्स किंवा दारूची सवय असेल, तर एक्स-रे अगदी निर्मळ आला तरी समाधान मानू नये. हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर ते सुरुवातीला एमआरआयमध्येच दिसतं. २०२१ मध्ये मुंबईत कोविडमधून बरे झालेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत हे निदान झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. दुखणारी बाजू एकच असली तरी दोन्ही खुबे एकत्र पाहून घ्यावेत. पस्तिशीच्या आत सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी आणि चाललं की कमी होणारी कंबरदुखी असेल तर माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीशेजारच्या (सॅक्रोइलिअ‍ॅक) सांध्यांचा एमआरआय, त्यात हाडातली सूज उठून दाखवणारी स्टिर नावाची चित्रं हवीतच.

सीटी सांध्यात कधी? मोडलेल्या हाडासाठी. गुडघ्याखालचा सपाट भाग, टाच, खुब्याची वाटी यांत तुकडे किती आणि किती मिमी खचले, यावर शस्त्रक्रिया ठरते आणि ते सीटीच दाखवतो. जुना पेसमेकर असलेल्यांना एमआरआय करता येत नसेल, तर सांध्यात औषध सोडून केलेला सीटी हा पर्याय उरतो.

एका ठिकाणी हे दोन्ही त्रास एकत्र येतात : यूरिक आम्ल. अंगठा लाल होऊन सुजणारा गाऊट आणि यूरिक आम्लाचा खडा, दोन्ही त्याचेच. ड्युअल-एनर्जी सीटी वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण वापरून हे स्फटिक चुन्याच्या साठ्यांपासून वेगळे, रंगीत दाखवतो. मात्र पहिल्याच झटक्यात गाऊट दिसेल याची खात्री नाही, आणि हे यंत्र प्रत्येक केंद्रात नसतं. फोनवर नुसतं ‘सीटी आहे का’ न विचारता ‘ड्युअल-एनर्जी आहे का’ असं विचारा.

आणि दुसरी जोडी, जिथे थांबायचंच नाही : कंबर दुखते, पायात बधिरता, बसायच्या जागी संवेदना कमी, आणि लघवी तुंबली. याला मुतखडा किंवा प्रोस्टेट समजून सोनोग्राफीच्या रांगेत बसू नका. मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन मणक्याचा एमआरआय.

एमआरआयचं चुंबक कधीच बंद नसतं, रात्री तीन वाजताही नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन खोलीत शिरलेला रुग्णाचा नातेवाईक त्याच्यासकट यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. म्हणून साडीच्या पिना, मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या क्लिपा, मोबाइल, रेल्वे पास, सगळं बाहेर. पेसमेकर, कानातलं रोपण, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण (वेल्डर आणि लेथवाले, हे तुमच्यासाठी) आधी सांगायचं. बंद जागेची भीती असेल तर गुडघ्याच्या स्कॅनला पाय आधी जातात आणि डोकं बहुधा बाहेरच राहतं. विरारची सकाळची खच्चून भरलेली फास्ट लोकल झेपणाऱ्याला तेवढं जमतं.

पैशाचं म्हणाल तर साधा सीटी केयूबी बहुधा सांध्याच्या एमआरआयपेक्षा स्वस्त. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत दर कमी, पण तातडी नसलेल्या एमआरआयची तारीख लांबची मिळते. खासगीत दर विचारताना कॉन्ट्रास्ट, फिल्म आणि सीडी धरून किती, ते विचारा. रात्रीचा किंवा रविवारचा स्वस्त दर असतो का, तेही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर बाहेर खर्च करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. चिठ्ठीवर डावा-उजवा लिहिलंय ना, आणि ‘गुडघेदुखी’ एवढंच न लिहिता काय शोधायचं ते लिहिलंय ना, हे केंद्रात जाण्याआधी डॉक्टरांसमोरच पाहून घ्या. घरी येताना फिल्मपेक्षा सीडी महत्त्वाची, कारण खिडकीच्या उजेडात धरून काढलेल्या फिल्मच्या फोटोवर व्हॉट्सअ‍ॅपवरून दुसरं मत कुणी नीट देऊ शकत नाही.