छोट्या रेस्क्यू कुत्र्यांसाठी सिलिकॉनची लिक मॅट, घ्याच
आमची चिंगी रेस्क्यू केलेली, अंगाने एवढीशी पण वाटी समोर आली की न चावता गिळणार, मग ठसका, आणि नंतर फरशी नाहीतर सोफा चाटत बसणार. ह्या मॅटच्या खाचांमध्ये बिनसाखरेचं दही किंवा उकडलेला लाल भोपळा थापून देते, जीभ कोपऱ्याकोपऱ्यात फिरते आणि बाई निवांत होतात. मागचं सक्शन मात्र कमजोर, ओल्या टाइलवर सरकते. पीनट बटर लावणार असाल तर लेबल बघा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) कुत्र्यांना विषारी असतं. आणि फरशी चाटणं सततचं असेल तर प्लीज आधी व्हेटला दाखवा, २०१२ च्या माँट्रियलच्या अभ्यासात अशा १९ पैकी १४ कुत्र्यांना पोटाचेच विकार निघाले होते. धुवायला सोपी, फक्त कुरतडणाऱ्या कुत्र्याजवळ एकटी ठेवू नका.