६,८०० रुपयांचं बनावट ग्राफिक्स कार्ड : कोल्हापुरात पीसी जोडणाऱ्यांनी वाचा

सहा हजार आठशे रुपये. त्यातले २,००० फोनवरून ॲडव्हान्स आणि ४,८०० रोख, हातात मोजून दिलेले. एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी म्हणून जे ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र उमटवणारा पीसीचा भाग) माझ्या गळ्यात मारलं ते आतून जीटीएस ४५० निघालं. २०१० सालचं! जुन्या गाडीचा चासी नंबर घासून नवा ठोकावा तसं त्याचं बायॉस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदललेलं. म्हणून विंडोजमध्ये नाव १०५० टीआयच दिसतं, मेमरीही ४ जीबी दिसते. विकणारा गावातलाच आहे, गाळा आहे त्याचा, शटर रोज उघडतं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. बोनसच्या पैशात पीसी जोडायचा ठरवलं. आय३ १२१००एफ प्रोसेसर ७,६५०, एच६१० मदरबोर्ड ६,१००, १६ जीबी रॅम ३,३००, ५०० जीबी एसएसडी २,९५०, पॉवर सप्लाय ३,८५०, कॅबिनेट २,३००. झाले २६,१५०, आणि हे सगळं पक्क्या जीएसटी बिलावर. ‘एफ’वाल्या प्रोसेसरला आतलं ग्राफिक्स नसतं. कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येत नाही, त्यामुळे कार्ड लगेच हवं होतं आणि नवं बजेटमध्ये बसत नव्हतं. जुनं घेणं म्हणजे हाव नव्हे. कमी पगारात पीसी जोडणारा प्रत्येक जण जुनंच कार्ड बघतो.

न बघता घेतलं असंही नाही. त्याच्या टेबलावर, त्याच्या मशीनमध्ये लावून बघितलं. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) उघडला, नाव बरोबर. एक जुना गेम चालवून दाखवला, चालला. आणि मग मी कार्ड हातात घेऊन मागची बाजू बघितली. तिथं निळं व्हीजीए पोर्ट होतं, म्हणजे जुन्या मॉनिटरची वायर लावायची जागा.

तिथंच सगळं कळायला पाहिजे होतं. १०५० टीआय ज्या पिढीचं, त्या एनव्हिडियाच्या १०-सिरीजच्या चिपमधून व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. १०५० टीआयला मागे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, डीव्हीआय-डी असतं. मी विचारलंसुद्धा, “हे पोर्ट कसं काय?” तर म्हणाला, “जुना मॉनिटर असणाऱ्यांसाठी मुद्दाम दिलंय भावा, तुला बरंच की.” आणि माझा मॉनिटर खरंच जुना, व्हीजीएचाच. कन्व्हर्टरचा खर्च वाचला म्हणून मला बरं वाटलं. ते निळं पोर्ट डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. पण दुकानात बसून धंदा करणारा माणूस समोर शांतपणे बोलतोय, मशीन नाव बरोबर दाखवतंय, तेव्हा चिपची पिढी कोण तपासत बसतो? ज्याला शंका येते तोही विचारतोच ना, आणि मी विचारलं होतं.

वर एक पेन ड्राइव्ह दिला. “यातलाच ड्रायव्हर टाक, नवा टाकू नको, हँग होतं.” ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. असं कोणी सांगितलं तर तिथूनच उठा. खरं १०५० टीआय कंपनीच्या साइटवरच्या ड्रायव्हरवर चालतं. माझ्याकडे तो टाकला की स्क्रीन काळी. व्हल्कनवर (गेम आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) चालणारा गेम उघडलाच नाही, कारण जीटीएस ४५० मधल्या त्या जुन्या फर्मी पिढीच्या चिपला व्हल्कन कधी आलंच नाही. शेवटी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, तर नावाच्या आधी सरळ ‘फेक’ लिहून आलं. २.१२ आवृत्तीपासून ते असली कार्डं ओळखतं. फुकट आहे, छोटं आहे. तुमच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन जा, विकणाऱ्याच्या मशीनमधलं वापरू नका. दोन्हींत फरक केवढा, तर १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) असतात, जीटीएस ४५० मध्ये १९२.

परत दुकानात गेलो तर म्हणे टेस्टिंग वॉरंटी (तपासून परत द्यायची मुदत) संपली. पावतीवर बघितलं तर ‘ग्राफिक्स कार्ड १ नग’, एवढंच. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. मॉडेल लिहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका, ॲडव्हान्स तर नाहीच.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “कुठल्या बँकेचं कार्ड?” समजावून सांगितलं, जीपीयू-झेडचा फोटो दाखवला. तर म्हणाले ॲडव्हान्स ऑनलाइन दिलाय, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले वस्तू दुकानात हातात घेतली, हे स्थानिक ठाण्याचं काम. परत ठाण्यात आलो तर म्हणे हा दिवाणी वाद, ग्राहक मंचात जा. रजा टाकून जायचं, पगार कापून घ्यायचा आणि बाकड्यावर बसायचं! बनावट वस्तू खरी म्हणून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, हे मी ठाणे अंमलदारांना सांगितलं तर “वकील आहेस काय?” अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. माझे ६,८०० त्यांना चिल्लर वाटतात. असल्या चिल्लरवरच त्या माणसाचा गाळा चालतो, आणि त्याला माहीत आहे की एवढ्या रकमेसाठी कोणी विचारायला येणार नाही.

फोनवरून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन लावा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षं. पण विकणारा व्यापारी असला पाहिजे, घरगुती विक्रेत्यावर तिथं दावा लागत नाही.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवता येतं, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी स्पीड पोस्टाने पाठवलंय. कार्ड उघडलेलं नाही, विकणारही नाही, पुरावा म्हणून ठेवलंय. कोल्हापुरात कोणाकडे निळ्या पोर्टचं ‘१०५० टीआय’ असेल तर आज जीपीयू-झेड चालवा. फेक आलं तर फोटो आणि पावती जपून ठेवा आणि तुमचा अर्ज वेगळा द्या. एकाच गाळ्याविरुद्ध दुसरा अर्ज आला की दिवाणी वाद म्हणून परत पाठवणं त्यांना अवघड जाईल.