फोल्डस्कोप: आठवीच्या ‘पेशी’ धड्याला कागदी सूक्ष्मदर्शक पुरतो का?

कांद्याच्या पापुद्र्याला फोल्डस्कोप पुरतो, आणि चांगला पुरतो. गालाच्या आतल्या पेशींना तो काठावर पास होतो. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन होणं) किंवा दह्यातले जिवाणू दाखवायचे असतील, तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. विकत घेण्याआधी एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. बाकीचा मजकूर, त्यातून खरोखर पेशी दिसावी कशी आणि दिसत नसेल तर चूक कुठे होते, यासाठी.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबल्स्की यांनी हे उपकरण तयार केलं. त्यांचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. भारतात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुढाकार घेतल्यामुळे अनेक शाळा-महाविद्यालयांपर्यंत ते पोचलं. पाकिटात न फाटणाऱ्या, न भिजणाऱ्या कागदाचं छिद्रांकित पान येतं. त्यातले भाग सुटे करायचे, आखलेल्या रेषांवर घड्या घालायच्या आणि एकमेकांत अडकवायचे. घडी घालण्याआधी प्रत्येक रेष दोन्ही बाजूंनी एकदा नखाने दाबून मोडून घ्या. हे न करता जोडलेला फोल्डस्कोप फुगीर राहतो आणि पुढे फोकस टिकत नाही. पहिल्यांदा जोडताना आठवीच्या मुलांना अर्धा तास सहज लागतो, त्यामुळे जोडणी आणि निरीक्षण एकाच तासिकेत बसवू नये.

विक्रीत सर्रास मिळणाऱ्या फोल्डस्कोपची विशालन क्षमता १४० पट आहे आणि साधारण २ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरचे दोन ठिपके तो वेगळे दाखवतो. हे सगळं काम काचेचा एक बारीक मणी करतो. त्याचा व्यास जेमतेम २.४ मिलिमीटर. एवढ्या लहान गोल भिंगाचं नाभीय अंतर, मण्याच्या केंद्रापासून मोजलेलं, पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास येतं. मण्याची स्वतःची त्रिज्या त्यातून वजा केली, की पदार्थ आणि भिंगाचा पृष्ठभाग यांच्यात उरतो फक्त अर्धा मिलिमीटर. ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीतल्या निम्म्याहून जास्त भानगडी या अर्ध्या मिलिमीटरमधूनच निघतात.

काचेची स्लाइड साधारण १ मिलिमीटर जाड असते, तर पदार्थावर झाकायची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, ०.१३ ते ०.१७ मिलिमीटर. कव्हरस्लिप भिंगाच्या बाजूला असेल, तर पदार्थ आरामात टप्प्यात येतो. स्लाइड उलटी घातली, की मध्ये पूर्ण १ मिलिमीटर काच येते आणि मग फोकसची पट्टी कितीही सरकवा, नुसता उजेड दिसतो. दोन कव्हरस्लिपा एकमेकींना चिकटून आल्या, पापुद्रा दुमडला किंवा पाणी जास्त झालं, तरी थोड्याफार फरकाने हेच घडतं. म्हणून वर्गात पहिला प्रश्न एकच विचारायचा: कव्हरस्लिप डोळ्याकडे आहे की उजेडाकडे?

आता कांदा. उभे चार भाग करा, बाहेरचं वाळकं टरफल आणि पहिला थर सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या मांसल थराचा तुकडा घेऊन तो मोडा. आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला पारदर्शक पापुद्रा लोंबतो. तो चिमट्याने ओढला की सलग निघतो. ५ मिलिमीटर बाजूचा चौकोन भरपूर झाला. पापुद्रा हवेत धरून ठेवू नका, लगेच पाण्याच्या बशीत सोडा, नाहीतर तो गुंडाळतो आणि मग सरळ करता करता फाटतो. स्लाइडवर पाण्याचा एक थेंब टाकून त्यावर तो पसरवा, वर आयोडीनचा एक थेंब, दोन-तीन मिनिटं थांबा. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने तिरकी हळूहळू खाली आणा. सपाट टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा ओळखणं सोपं आहे: अगदी गोल, कडा जाड काळी आणि आत काहीच नाही. तरीही दरवर्षी कित्येक वह्यांत तो ‘केंद्रक’ म्हणून रेखाटला जातो.

औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन वापरणार असाल, तर एका थेंबाला चार-पाच थेंब पाणी घाला. थेट टाकलं तर सगळा पापुद्रा तपकिरी होतो आणि केंद्रक त्यात बुडून जातं. इथे फोल्डस्कोपची खरी मर्यादा समोर येते. धातूच्या सूक्ष्मदर्शकात मंचाखाली प्रकाश कमी-जास्त करायची झडप असते. ती थोडी मिटली की रंग नसलेल्या पेशीच्याही कडा उठून दिसतात. फोल्डस्कोपमध्ये ती सोय नाही, त्यामुळे सगळी भिस्त रंगावर आणि उजेडाच्या जागेवर. उघडं आकाश किंवा उन्हाने उजळलेली पांढरी भिंत हा सगळ्यात चांगला उजेड. एलईडी वापरायचा असेल तर त्याच्यापुढे टिश्यू पेपरचा एक पदर धरा. मोबाइलचा पांढरा पडदा मागे धरायची युक्ती बरेच जण सुचवतात, पण पडदा जवळ असेल तर त्याचे ठिपके चित्रात उमटतात. सूर्याकडे रोखून पाहायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून सांगा. भिंग एवढंसं असलं तरी डोळ्याला इजा होऊ शकते.

सगळं नीट जमलं, की विटांच्या भिंतीसारखी पेशींची रचना दिसते. कांद्याची एक पेशी पाव मिलिमीटरहून लांब असते, केंद्रक साधारण १० ते २० मायक्रोमीटरचं. फोल्डस्कोपच्या दृष्टीने हे आकार ऐसपैस आहेत. पेशीभित्तिका स्वच्छ दिसते, केंद्रक फिकट तपकिरी. काही पेशींत ते गोल, मधोमध असल्यासारखं दिसेल, काहींत भिंतीला टेकलेलं, चपटं. मोठ्या रिक्तिकेने (पेशीतल्या रसाच्या पिशवीने) पेशीद्रव्य कडेला रेटलेलं असतं, त्यामुळे केंद्रकही कडेलाच असतं. आपण त्याला वरून पाहतो की बाजूने, एवढाच फरक. ज्या पेशीत केंद्रक ‘नाही’, तिथे फोकसची पट्टी केसभर पुढे-मागे करून पाहा. ते वरच्या किंवा खालच्या पातळीवर असतं. पेशीभित्तिकेला आतून लागून असलेलं पातळ प्रद्रव्यपटल मात्र दिसत नाही. कोणी दिसलं म्हणालं, तर त्याने पेशीभित्तिकाच पाहिली आहे.

ते पटल खरोखर आहे, हे दाखवायचा उत्तम मार्ग आपल्याकडच्या लाल-गुलाबी कांद्यात आहे. या वेळी पापुद्रा बाहेरच्या, फुगीर बाजूचा घ्या. जांभळट रंग त्याच पेशींच्या रिक्तिकेत असतो. हा पापुद्रा आतल्याइतका सहज निघत नाही. ब्लेडने हलकासा छेद देऊन ओढावा लागतो, आणि पातळ, एकपदरी भाग शोधावा लागतो. वेगळा रंग द्यायची गरज नाही. आधी साध्या पाण्यात पाहा: पेशी काठोकाठ रंगीत. मग १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. काही मिनिटांत रंगीत भाग भिंतीपासून सुटून आकसतो. अतिपरासारी, म्हणजे पेशीतल्या रसापेक्षा जास्त तीव्र, द्रावणात पेशीतलं पाणी बाहेर पडतं, हे वाक्य धड्यात पाठ करण्याऐवजी डोळ्यांसमोर घडतं. फार वेळ न दवडता पुन्हा साधं पाणी सोडलं तर रंग परत भरतो. या प्रयोगासाठी फोल्डस्कोपला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही, कारण इथे रंगाचा फरक निसर्गानेच ठळक दिलेला आहे आणि प्रकाशाच्या झडपेची उणीव भासत नाही. एक अडचण आहे. मीठ-पाणी सोडताना स्लाइड बाहेर काढावी लागते आणि परत घातल्यावर तीच पेशी सापडेलच असं नाही. आधीची आणि नंतरची, अशा दोन स्लाइड शेजारी ठेवणं सोयीचं.

ओल्या स्लाइडचा आणखी एक त्रास. फोल्डस्कोपचा कागद स्लाइडला दाबून धरतो, त्यामुळे आत सरकवताना कव्हरस्लिप कागदाच्या कडेला अडकते, सरकते, कधी तडकते. जास्तीचं पाणी वरून आलं तर ते थेट भिंगाला लागतं आणि सगळं धूसर होतं. घालण्यापूर्वी चारही कडा टिपकागदाने टिपून घ्या. कव्हरस्लिपच्या दोन कडांना नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली तर ती हलतही नाही आणि स्लाइड तासभर सुकतही नाही. भिंग ओलं झालंच, तर कापसाच्या काडीने हलकेच टिपा. शर्टाच्या टोकाने घासू नका.

हायड्रिलाचं पान मिळालं तर जरूर लावा. ते दोनच पेशींइतकं जाड असतं, तसंच्या तसं पाण्यात ठेवून पाहता येतं. हरितलवकं सुमारे ५ मायक्रोमीटरची, म्हणजे हिरवे ठिपके म्हणून दिसतात. पेशीद्रव्याच्या प्रवाहाबरोबर ती सरकताना दिसली तर वर्ग अर्धा तास हलत नाही. बटाट्याचा खरवडलेला कीस आणि आयोडीन ही पहिल्या दिवसाची सगळ्यात खात्रीची स्लाइड. निळे-जांभळे स्टार्चचे कण कोणालाही सापडतात, फोकसचा हात बसतो. पर्णरंध्रांसाठी पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने उचललेला ठसाही छान दिसतो.

गालाच्या पेशींचं गणित वेगळं. पेशी ५० ते ८० मायक्रोमीटरची, चपटी आणि पारदर्शक. केंद्रक १० मायक्रोमीटरच्या आत. आयोडीनने ती फिकी राहते. ०.१ ते १ टक्का मेथिलीन ब्लू हवाच, तोही मिनिटभर ठेवून टिपून टाकलेला. मग केंद्रक गडद निळा ठिपका म्हणून दिसतं. गोल भिंगात फक्त मधला भाग धारदार असतो, कडेला चित्र पसरतं, म्हणून पेशी मध्यावर आणल्याशिवाय निकाल देऊ नका. टूथपिकऐवजी कापसाची काडी वापरा, ज्याची त्याने आपल्याच गालाची घ्यावी, आणि वापरलेलं सगळं ब्लीचच्या पाण्यात टाकावं.

यापुढे फोल्डस्कोप थांबतो. तंतुकणिका जाडीला १ मायक्रोमीटरच्या आत-बाहेर. दह्यातले जिवाणूही तेवढेच. गुणसूत्रांचा पुंजका एखाद्या पेशीत जाणवेल, पण विभाजनाची मध्यावस्था कोणती आणि पश्चावस्था कोणती हे मुलांना सांगता येणार नाही. त्याला १० पटीचं नेत्रभिंग आणि ४० किंवा ४५ पटीचं पदार्थभिंग असलेला धातूचा सूक्ष्मदर्शक लागतो. अर्धा मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील तो देऊ शकतो. आंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम यांसाठी तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच. धड्यातल्या आकृतीत जेवढी नावं आहेत, त्यातली तीन-चारच शाळेत प्रत्यक्ष दिसतात, हे मुलांना आधी सांगितलं तर त्यांची निराशा होत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘१२०० पट’ प्लास्टिकच्या खेळण्यांपेक्षा फोल्डस्कोप कितीतरी बरा. त्या आकड्याला अर्थ नसतो. भिंग साधं असेल तर चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही, आणि डगडगत्या मंचावर फोकस टिकत नाही. पण शाळेत हरियाणातल्या अंबाल्यात बनलेला जुना धातूचा सूक्ष्मदर्शक कपाटात पडून असेल, तर आधी तो पुसून काढा. कोकणात पावसाळ्यात त्याच्या भिंगांवर बुरशी चढते; सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवला तर ती टाळता येते.

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात फोल्डस्कोपचा मोठा फायदा म्हणजे दोघांत एक देता येतो. तोटा असा, की एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला की फोकस आणि जागा दोन्ही हलतात, त्यामुळे ‘हे बघ, इथे’ असं बोट दाखवता येत नाही. चष्मा असलेल्या मुलांनी तो काढून, डोळा अगदी भिंगाशी न्यावा. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर फोकसने भरून निघतो. शिक्षकांनी एक फोल्डस्कोप चुंबकी जोडणीने मोबाइलला लावावा. फोनला अनेक कॅमेरे असतील तर जोडणी मुख्य कॅमेऱ्यावर बसवा आणि झूम थोडाच वाढवा. जास्त वाढवला की फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि पडदा काळा होतो. आणखी एक बारकावा: एकाच भिंगाचा असल्याने यात चित्र सुलटं दिसतं. उलटं दिसणाऱ्या ‘अ’ अक्षराचा नेहमीचा प्रयोग इथे करायला गेलात तर फसाल.

आकृतीखाली ‘१४० पट’ लिहायची सवयही मोडा. ०.३ मिलिमीटरची पेशी वहीत ६० मिलिमीटर काढली, तर आकृतीचं विशालन २०० पट झालं.

खरेदी करताना घरी एका मुलासाठी स्लाइड, कव्हरस्लिप, चिमटा असलेला मोठा संच घ्या. शाळेने नुसत्या फोल्डस्कोपची घाऊक पाकिटं घ्यावीत. काचेच्या स्लाइड आणि कव्हरस्लिपा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात वेगळ्या घेणं स्वस्त पडतं, आणि मेथिलीन ब्लू शोभेच्या माशांच्या दुकानातही मिळतं.