बदललेला गुडघा ‘कटक्’ वाजतोय: दुर्बीण की पुन्हा उघडायचा?

आईचा गुडघा बदलून दहा महिने झाले होते. सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी कट्ट्यावरून उठताना गुडघ्यात ‘कटक्’ वाजलं, शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं. पाय सरळ होत आला की ठरलेल्या जागी अडकायचा आणि झटक्यात सुटायचा. घरात लगेच दोन तट. मामा म्हणे, “दुर्बिणीतून करा, दोन टाके, संपलं.” काका म्हणे, “हुतात्मा एक्स्प्रेस पकडा, पुण्यात पुन्हा उघडून बघू दे.” दुखणं कशाचं आहे, हे दोघांनीही विचारलं नव्हतं.

आईसारख्या कटकटीत दुर्बीणच सरस. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला जाड पेशींची गाठ धरते. काही प्रकारच्या कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडावरच्या धातूला मधे खाच असते. गुडघा वाकला की गाठ त्या खाचेत शिरते आणि सरळ होताना, साधारण ३० ते ४५ अंशांवर, अडकून सुटते. दोन-तीन छोट्या छिद्रांतून ती खरवडून काढता येते, सांध्याला हात लावावा लागत नाही. क्वचित गाठ पुन्हा धरते. एवढ्यासाठी अख्खा गुडघा उघडणं मला तरी पटत नाही.

गुडघा आखडला असेल तर हिशेब वेगळा. पहिल्या तीनेक महिन्यांत भूल देऊन नुसता वाकवूनही काम होतं. उशीर झाला की जोर लावण्यात हाड मोडण्याची भीती, म्हणून मग दुर्बिणीतून आत चिकटलेले भाग सोडवतात. पण नंतर व्यायाम बुडवला तर गुडघा पुन्हा आखडतो. फिजिओथेरपीला रोज कोण नेणार, हे आधी ठरवा.

जंतुसंसर्गात मात्र उघडं ऑपरेशनच. दुर्बिणीतून धुता येतं, पण मागचे कोपरे नीट साफ होत नाहीत आणि कृत्रिम सांध्याच्या धातूंमधलं प्लास्टिक बदलता येत नाही. संसर्ग जुना असेल तर बहुधा सांधाच काढावा लागतो. सांधा सैल झाला किंवा वाकडा बसला असेल तरी दुर्बिणीचा उपयोग नाही.

म्हणून आधी एक्स-रे आणि संसर्गाचा अंदाज देणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या. शंका आली तर सुईने पाणी काढून तपासणी. त्याआधी मेडिकलमधून आणून अँटिबायोटिक खाऊ नका, जंतू असूनही तपासणीत सापडत नाहीत.

दुर्बीणही अगदीच बिनधोक नाही. छिद्रांतूनही जंतू जाऊ शकतात, हत्याराने धातूवर ओरखडा पडू शकतो. शिवाय चकचकीत धातूत आरशासारखं प्रतिबिंब पडतं आणि खरी पेशी कुठली, भास कुठला, यात गल्लत होते. साध्या गुडघ्यावर रोज दुर्बीण चालवणाऱ्यालाही “बदललेल्या गुडघ्यात किती वेळा केलंय?” असं विचारायला लाजू नका.

आईचे रिपोर्ट स्वच्छ आले, दुर्बिणीची तारीख ठरली. तिचा डॉक्टरांना एकच प्रश्न होता: “सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला जाता येईल ना?” ते म्हणाले, “दुसऱ्या दिवशी चालाल, आजी. पण गड्ड्याच्या गर्दीत यंदा नको.” आई गाल फुगवून बसली आहे.