सीनेकाठी खरवडलेलं रान: गाळ की ताग?

सप्टेंबर २०२५ च्या पुरात मोहोळकडच्या आमच्या दाजींच्या रानातली माती सीना नदीनं नेली. फोनवर एकच घोर, "गाळ भरू का ताग पेरू?"

आधी हिशेब. एकरावर अर्धा फूट थर म्हणजे जवळपास २१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॉलीत ब्रासभर धरला तरी दोनशेवर खेपा! तलावातला गाळ फुकट मिळतो म्हणतात, पण जेसीबी आणि डिझेल फुकट नसतं. ताग म्हणजे हिरवळीचं खत; त्याला बियाणं, पेरणी आणि पाणी, बस्स. पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत, फुलोऱ्यात आला की गाडायचा. पण ताग जमिनीत नत्र आणि सेंद्रिय माल घालतो, गेलेली माती परत आणत नाही. हे कुणी नीट सांगतच नाही.

गाळाचा थर टिकतो, फक्त बांध आधी घाला, नाहीतर पुढच्या पावसात तोही जाईल. नुसता चिकण गाळ असला तर पाणी तुंबतं; क्षार तपासूनच आणा.

मुरूम उघडा पडलाय तिथं गाळच, मग त्यावर ताग. वीतभर काळी शिल्लक असेल तिथं नुसता ताग. दाजींच्या वरच्या तुकड्यात कुदळ हातभर खाली जाते, तिथं ट्रॉली कशाला?